घाट उतरा, खाडी चढा
सायकल सदर : वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की नाशिकहून कोकणाकडे सायकली निघतात, आणि त्याआधी महिनाभर आमच्याकडे पत्रे येऊ लागतात. या वेळची बहुतेक पत्रे समुद्राकडे जाण्याबद्दल, घाटांबद्दल आणि परतीबद्दल आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरे एकत्र दिली आहेत.

आम्ही चौघे रोज ४०-५० किलोमीटर चालवतो. नाशिकहून समुद्रापर्यंत सायकलने जायचे तर कसारा घाटाने जावे की जव्हारकडून?
– वाचक, गंगापूर रोड

फक्त समुद्र गाठायचा असेल तर जव्हारकडून. नाशिक-त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटर, पुढे तोरंगण घाट उतरून मोखाडा आणि मग जव्हार. सगळे मिळून ८० किलोमीटरच्या आसपास. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आणि जव्हार सुमारे ४५० मीटरवर. नकाशावर हा दिवस उताराचा वाटतो, तसा तो नाही. मोखाड्याच्या अलीकडे-पलीकडे रस्ता दऱ्यांत उतरतो आणि पुन्हा वर येतो, त्यामुळे पहिला मुक्काम जव्हारलाच ठेवा. दुसऱ्या दिवशी कासा-चारोटीमार्गे डहाणू सुमारे ६० किलोमीटर. चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग फक्त ओलांडायचा, त्याच्या कडेने चालवत बसायचे नाही. डहाणूपासून बोर्डीपर्यंतचा १७ किलोमीटरचा किनारा मात्र खरोखर सपाट आहे. सुरूची झाडे, घोलवडच्या चिकूच्या वाड्या आणि कमी रहदारी. पहिल्या सफरीला याहून सोपा किनारा जवळपास नाही.

रायगड-रत्नागिरीकडे जायचे असेल तर कसारा टळत नाही. तो पहाटे उजाडताच उतरा. खाली आल्यावर भिवंडी-ठाण्याच्या ट्रकांत शिरू नका. शहापूरहून डावीकडे वळून मुरबाड, कर्जत, खोपोली, पाली, रोहा असे मुरूडकडे जा. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही, तेव्हा तो पर्याय नकाशावरून पुसून टाका.

किनाऱ्याचा रस्ता सपाट, म्हणून अलिबाग ते गुहागर रोज ११० किलोमीटर धरले आहेत. बरोबर आहे ना?
– वाचक, सिडको

नाही. या एका समजुतीपायी सर्वांत जास्त सफरी अर्ध्यावर मोडतात.

कोकणचा रस्ता समुद्राला चिकटून जात नाही. गाव खाडीच्या तोंडाशी किंवा पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर असते आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडे पठार असते. गावातून निघालात की शंभर-दीडशे मीटर चढा, सड्यावर दोन-चार किलोमीटर उन्हात चालवा, पुन्हा खाली उतरा. पुढच्या गावाला तेच. एकेक चढ दीड-दोन किलोमीटरचाच असतो, पण ८ ते १० टक्के उभा, क्वचित त्याहून जास्त. कसारा किंवा सप्तशृंगगडाचा नांदुरी घाट एका लयीत चढता येतो. इथे लय लागते न लागते तोच उतार येतो आणि पाय गार पडतात. ६५ किलोमीटरच्या दिवसात ८०० ते १,००० मीटर चढ सहज जमा होतो.

म्हणून दिवसाचा हिशेब किलोमीटरने न करता वेळेने करा. सामानासह सपाटीला ताशी १६ किलोमीटर धरा आणि चढाच्या प्रत्येक १०० मीटरला १५ मिनिटे वेगळी मिळवा. ६५ किलोमीटर आणि १,००० मीटर चढ म्हणजे चार तास अधिक अडीच तास, वर जेवण, पंक्चर आणि बोटीची वाट मिळून दोन तास. साडेआठ तास झाले. डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तास. आता यात ११० किलोमीटर कुठे बसतात ते तुम्हीच पाहा. ५५ ते ७० किलोमीटरचे टप्पे ठेवा.

खाड्यांवर फेरीबोटी आहेत (तिकडे त्यांना जंगलजेटी म्हणतात) आणि त्यांच्याभोवतीच बेत आखावा लागतो. उत्तरेकडून येताना राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला-वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे आणि गुहागरच्या पुढे गेलात तर शास्त्रीच्या खाडीवर तवसाळ-जयगड. शेवटची बोट चुकली तर खाडीला वळसा घालावा लागतो. दाभोळला तो थेट चिपळूणवरून पडतो. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच्या मुक्कामी विचारून ठेवा. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो, तेव्हा बोटीवर सायकल हातात धरून चढवा. पॅनिअर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या) लावलेली सायकल तिथे आडवी झाली की कॅरिअरच वाकते.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. पहाटे जमिनीवरून येणारे मतलई वारे हलके असतात, पण अकरा-बारानंतर खारे वारे सुटतात आणि दुपारी ते बहुधा वायव्येकडून येतात. दक्षिणेकडे जाणाऱ्याला ते पाठीमागून मिळतात, उलट जाणाऱ्याला सड्यावर तोंडावर. सामानाच्या पिशव्या वाऱ्याला शिडासारख्या अडतात, हे सामान लावून चालवल्याशिवाय कळत नाही.

पुळणीवरून चालवायचा मोह होतोच. ओल्या, घट्ट वाळूवर सायकल चालते, पण ती ओहोटीलाच उघडी पडते. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या अंकाला पाऊणने गुणा, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास. तरी हौस एखाद्या किलोमीटरपुरतीच ठेवा. का, ते पुढे मिठाच्या उत्तरात आहे.

माझ्या सायकलला पुढे ४८-३८-२८ आणि मागे १४-२८ असे दाते आहेत. मित्राची रोड सायकल ५०-३४ आणि ११-२८ ची आहे. घाटाला कोणती बरी?
– वाचक, सातपूर

तुमची, जरी मित्राची तिप्पट किमतीची असली तरी. सर्वांत हलक्या गिअरला पुढचे दाते भागिले मागचे दाते करा. तुमचे २८ भागिले २८, म्हणजे १. मित्राचे ३४ भागिले २८, म्हणजे १.२१.

चाकाचा परीघ सुमारे २.१५ मीटर. मिनिटाला ६० पायडल मारले तर तुमचा वेग ताशी ७.७ किलोमीटर, मित्राचा ९.४. आता चालवणारा ७० किलो, सायकल १३ आणि सामान १२, असे ९५ किलो ८ टक्के चढावर न्यायचे तर तुम्हाला साधारण १७५ वॅट लावावे लागतात, मित्राला २१० च्या पुढे. रोज सायकल चालवणारा माणूस १७५ वॅट बराच वेळ काढतो. २१० ला बहुतेकांची दमछाक होते. मग पायडल ४५ वर येते, तेवढ्याच ताकदीसाठी गुडघ्यावरचा दाब वाढतो, आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागते.

भरल्या सायकलला हे प्रमाण १ च्या खाली असावे. तुम्ही मागचे फ्रीव्हील (दातेरी चाकांचा संच) बदलून १४-३४ बसवा, प्रमाण ०.८२ वर येईल. बदलण्याआधी मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) जास्तीत जास्त किती दात्यांना चालतो ते बघा. लहान पिंजऱ्याचे डिरेलर २८-३० च्या पुढे घेत नाहीत. चेनही बहुधा लांब लागेल. चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चाकावरून गुंडाळा, जुळते तिथून आणखी दोन कड्या सोडून कापा. इथे कंजुषी केली आणि चालवताना चुकून मोठ्यावर मोठे पडले, की डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर मोडतो. तो सुटा भाग दापोलीत मिळण्याची आशा धरू नका.

मित्राला सांगा की रेसिंग सायकल वाईट नाही, तिचे काम वेगळे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली तेव्हा सामान आणि मदतनीस मागून गाडीत होते. त्या स्पर्धेची रीतच ती. तुमचे सगळे सामान तुमच्या मागच्या चाकावर असणार.

घाट उतरताना ब्रेकमधून जळका वास येतो. ब्रेक कमी लावावेत का?
– वाचक, पंचवटी

कमी नव्हे, वेगळ्या तऱ्हेने लावावेत. ९५ किलो वजन ३०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे २८० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी जवळपास उकळीला येईल इतकी. वेगात उतरलात तर तिचा बराच वाटा हवेच्या विरोधात जातो. ब्रेक हलकेच दाबून ठेवून ताशी पंधराने सगळा घाट उतरलात तर जवळजवळ सगळी उष्णता रिममध्ये किंवा डिस्कमध्ये उतरते आणि तिला निवायला उसंत मिळत नाही.

पद्धत अशी. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग पाहिजे तितका उतरला की पूर्ण सोडा. वळणात ब्रेक नको. थांबण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. मागचा एकटाच दाबत राहिलात तर चाक घसरते. कोकणात वळणावर जांभ्याची बारीक लाल खडी पसरलेली असते, तिथे पुढचा सावध. शंभर-दीडशे मीटर उतरलात की दोन मिनिटे थांबा. तापल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

रिम ब्रेकमध्ये खरा धोका वेगळा आहे. रिम तापून ट्यूबमधली हवा फुगते आणि टायर रिमवरून उसळतो. उतारापूर्वी हवा ठासून भरण्याची सवय सोडा. ३५ मिलिमीटरच्या टायरला ७५ किलोचा माणूस आणि सामान धरून मागे ५५-६०, पुढे ४५-५० पीएसआय पुरते. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर सँडपेपरवर घासून खरखरीत करा, आत रुतलेले अॅल्युमिनियमचे कण पिनेने उचकटून काढा. त्या कणांनीच रिमला चरे पडतात.

केबलवर चालणाऱ्या डिस्कचे पॅड झिजले की लिव्हर हँडलबारपर्यंत येऊ लागतो. रोज सकाळी आतल्या पॅडचा स्क्रू एक-दोन खटके आवळायला हवा. हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर लांब उतारावर एकाएकी स्पंजासारखा लागला तर तेल उकळले आहे असे समजा. थांबा, पूर्ण थंड होऊ द्या आणि घरी आल्यावर तेल बदलून घ्या.

मागच्या चाकाची उजवीकडची तार तुटली. नवी घातली, शंभर किलोमीटरमध्ये तिच्या शेजारची तुटली. कारागीर म्हणतो तारा हलक्या आहेत.
– वाचक, देवळाली कॅम्प

तारा हलक्या नसाव्यात, ढिल्या असाव्यात. चाक फिरताना प्रत्येक तार खाली येते तेव्हा तिचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना परत येतो. आधीच ढिली असेल तर ती प्रत्येक फेऱ्यात हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) छिद्रापाशी, वाकाच्या जागी हलते आणि थकून तिथेच तुटते. वरून कॅरिअरवर १२ किलो. एक तुटली म्हणजे तिच्या बरोबरीने तेवढेच फेरे खाल्लेल्या बाकीच्याही तयारीत आहेत. एकेक बदलत बसू नका. उजव्या बाजूच्या सगळ्या तारा २ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेसच्या टाकून घ्या. बसवल्यावर शेजारच्या जोड्या हाताने जोरात आवळून पुन्हा आऊट काढायला, म्हणजे चाक सरळ करायला सांगा. एका बाजूच्या तारांना नखाने टिचकी मारली तर आवाज सारखा यायला हवा. ३६ तारांचे चाक मिळाले तर उत्तम.

वाटेत तुटलीच तर : उजवीकडची गेली की रिम डावीकडे ओढली जाते. तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या डाव्या तारांचे निपल (रिमपाशी तार आवळणारे नट) अर्धा-अर्धा फेरा सैल करा. तुटलेला तुकडा शेजारच्या तारेभोवती गुंडाळून चिकटपट्टी लावा. रिम घासत असेल तर मागचा ब्रेक मोकळा करा आणि सामानातले जड दुसऱ्याच्या सायकलवर द्या. असे ३०-४० किलोमीटर निघते. मापाच्या तीन तारा, निपल आणि कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) काढायची टोपी सोबत असू द्या, कारण कॅसेट काढल्याशिवाय उजवी तार ओवता येत नाही. फ्रीव्हील असेल तर त्याची टोपी वेगळी असते. मोठा पान्हा गावातल्या गॅरेजमध्ये मिळतो, तुमच्या मापाची टोपी मिळत नाही.

खाऱ्या हवेने सायकल गंजते म्हणतात. चार दिवसांत एवढे काय होणार?
– वाचक, इंदिरानगर

नुसत्या हवेने फारसे नाही. वाळू आणि खाऱ्या पाण्याचे शिंतोडे चार दिवसांतही पुरतात. ओल्या तेलाला वाळू चिकटली की चेन आणि दाते एकमेकांना कानशीसारखे घासतात. पुळणीवर गेलात त्याच संध्याकाळी बादलीभर गोड्या पाण्याने सायकल धुवा. मग्गाने ओता, जोराचा फवारा हबच्या बेअरिंगवर मारू नका. मीठ आत ढकलले जाते. फडक्याने पुसा, चेन सुकू द्या आणि प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब. दहा मिनिटांनी वरचे तेल पुसून टाका. चेन बाहेरून तेलकट दिसता कामा नये.

चेनची झीज स्टीलच्या पट्टीने कळते. २४ कड्यांची लांबी नवी असताना ३०४.८ मिलिमीटर असते. ३०७ झाली की आठ-नऊ गिअरची चेन बदला. दहा-अकराची ३०६ ओलांडताच. निघण्याआधी सीटपोस्ट काढून तिला ग्रीस लावा, बाटलीच्या स्टँडच्या आणि कॅरिअरच्या बोल्टांनाही. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमची नळी आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते. नळी अशी धरते की पुढे कापूनच काढावी लागते. कॅरिअरचे ५ मिलिमीटरचे बोल्ट रोज सकाळी हाताने तपासा आणि चार जादा ठेवा. कॅरिअर क्वचित मोडते, बोल्ट मात्र वरचेवर गळतात.

माझ्या ट्यूबला बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे. गावात हवा भरता येईल का?
– वाचक, सिन्नर

पितळी अडॅप्टर घेऊन जा, म्हणजे मोटारसायकलच्या पंपाने कुठेही भरता येते. दोन घ्या, एक हरवतोच. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की उन्हात सुकते, म्हणून एक न उघडलेली ठेवा. आणि ठिगळ लावताना घाई नको : सोल्यूशन लावून पाच मिनिटे थांबा, चमक जाऊन बोटाला चिकटेनासे झाले की मगच दाबा. तुमच्या भागातल्या वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो. आतून बोट फिरवून तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका.

मुलांच्या सुटीमुळे मे महिन्यातच जमणार आहे. नाशिकचे ऊन सोसले आहे, कोकणात तर पारा कमीच असतो.
– वाचक, नाशिकरोड

पारा कमी असतो, घाम सुकत नाही. नाशिकच्या कोरड्या ३८ अंशांत घाम उडून अंग गार होते. किनाऱ्याच्या दमट ३३ अंशांत तो नुसता टपकतो आणि शरीराचे तापमान चढत जाते. मुलांसह मे महिना आम्ही सुचवणार नाही. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हाच काळ. दिवाळीची किंवा नाताळाची सुटी बघा.

हिवाळ्यातही चालवताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. नुसते पाणी पीत राहिलात तर रक्तातले मीठ पातळ होऊन डोके दुखते, मळमळते, बोटे सुजतात, आणि माणूस पाणी कमी पडले समजून आणखी पितो. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेले कोकम सरबतही चालते. सड्यावर दुकान नसते. चढ सुरू होण्याआधीच गावात बाटल्या भरा.

परतीला सायकल रेल्वेने आणायची आहे. काय करावे लागते?
– वाचक, कॉलेज रोड

रत्नागिरीहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस पनवेल, कल्याणवरून थेट नाशिकरोडला येते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, तेवढे पाहा. तुमचे आरक्षण असेल तर पार्सल कार्यालयात तिकीट दाखवून सायकल ‘लगेज’ म्हणून नोंदवा. तिकिटाशिवाय पाठवली तर ती ‘पार्सल’ ठरते. गाडी दोन मिनिटे थांबते अशा लहान स्थानकावर सामान चढवणे अवघड, म्हणून रत्नागिरीसारखे मोठे स्थानक धरा आणि दोन-तीन तास आधी पोहोचा.

पायडल काढा, डावे उलट्या आट्याचे असते, ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटते. हँडल आडवे वळवून फ्रेमला बांधा, डिरेलरवर पुठ्ठा गुंडाळा, टायरमध्ये थोडी हवा राहू द्या म्हणजे रिमला मार बसत नाही. दिवे, मीटर, बाटल्या काढून घ्या. नाव, फोन आणि दोन्ही स्थानकांची नावे जाड पुठ्ठ्यावर लिहून दोन ठिकाणी बांधा. सायकल कधी कधी मागच्या गाडीने येते. पावती, पायडल आणि पान्हा स्वतःच्या पिशवीत ठेवा, सायकलवर बांधू नका.